रेनेट घालूनही दूध जमत नाहीये? रेसिपी बदलायच्या आधी सामान तपासा

घरी चीज करायला घेतलेल्या लोकांची एकच तक्रार परत परत कानावर येते. सगळं लिहिल्याप्रमाणे केलं, दूध कोमट केलं, रेनेट (दूध जमवणारं एन्झाइम) घातलं, झाकून ठेवलं, अर्धा तास झाला, तास झाला आणि दूध आपलं ढिम्म. फार तर तळाशी काहीतरी रवाळ बसलंय आणि वर दुधट पाणी. मग अजून थोडं रेनेट, मग अजून थोडं, शेवटी लिंबू पिळून पनीर करून मोकळे, आणि दुसऱ्या दिवशी नवीन रेसिपीचा शोध सुरू. रेसिपीत सहसा काही घोळ नसतो हो. घोळ असतो तो आणलेल्या सामानात, आणि त्यातही बहुतेक वेळा दुधात नाहीतर पाण्यात, म्हणजे ज्या दोन गोष्टी "त्या तर घरात आहेतच" म्हणून कोणी तपासतच नाही.

त्यामुळे पाच-सात हजाराचं किट मागवायच्या आधी हे वाचा.

सगळ्यात आधी दूध. आपल्याकडे पिशवी घरात आली की पहिलं काम म्हणजे दूध तापवणं, ते इतकं अंगवळणी पडलंय की रेसिपीत "दूध ३२ डिग्रीला आणा" असं लिहिलं असेल तरी लोक आधी उकळतात आणि मग गार करून ३२ वर आणतात. इथेच खेळ खलास. रेनेटचं काम असं की दुधातल्या केसीन या प्रोटीनच्या कणांवर कॅपा केसीन नावाचं जे बाहेरचं आवरण असतं ते ते कापतं, मग ते कण कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात आणि जाळं बनतं. दूध उकळलं की त्यातली व्हेमधली (दूध जमल्यावर सुटतं त्या पाण्यातली) प्रोटीन्स बिघडून बरोबर त्याच आवरणाला जाऊन चिकटतात, मग रेनेटला कापायला नीट जागा मिळत नाही आणि कण एकमेकांना धरत नाहीत. लिंबाच्या पनीरला हे चालतं, तिथे ऍसिड आणि उष्णता सगळं काम करतात, म्हणून तर आपल्याला वाटतं की उकळलेलं दूध चीजलाही चालेल. नाही चालत.

टेट्रापॅकचं दूध तर सोडूनच द्या. फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकतं ते यूएचटी असतं, १३५ ते १४० डिग्रीवर काही सेकंद तापवलेलं, त्याच्यात तुम्ही कितीही चांगलं रेनेट आणि कितीही कॅल्शियम घाला, धड गोळा होणार नाही. काही पिशव्याही अशा "लाँग लाइफ" असतात, दुकानदार त्या फ्रिजबाहेर रचून ठेवतो, त्यावरून ओळखायचं. अमेरिकेतून विचारणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते, तिकडचं महागडं ऑरगॅनिक दूध बऱ्याचदा "अल्ट्रा पाश्चराइज्ड", म्हणजे असंच खूप तापवलेलं, असतं आणि मंडळी चांगलं म्हणून मुद्दाम तेच आणतात, त्यापेक्षा साधं स्वस्त गॅलन, ज्यावर नुसतं "पाश्चराइज्ड" लिहिलंय, ते घ्या. तिकडे जंकेट नावाच्या गोळ्याही मिळतात, त्या पुडिंगसाठीच्या आहेत, चीजला फार कमजोर पडतात.

मग घ्यायचं कोणतं? रोजची फ्रिजमधली पाश्चराइज्ड पिशवी, न तापवता. त्यात फुल क्रीम म्हणजे ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), हे बहुतेक म्हशीचं किंवा मिश्र असतं आणि छान घट्ट जमतं. गायीचं दूधही जमतं पण जरा मऊ. टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, त्यात बऱ्याचदा दूध पावडरचं दूध मिसळलेलं असतं, कधी जमतं कधी नाही, नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. आणि पिशवीवर "होमोजिनाइज्ड", म्हणजे फॅट बारीक करून दुधात एकजीव केलेलं, असं लिहिलंय का ते बघा, बारीक अक्षरात असतं. होमोजिनाइज्ड दुधाचं कर्ड (रेनेटने जमलेला गोळा) लेचंपेचं होतं आणि कापताना भुगा होतो. लिहिलेलं सापडत नसेल तर घरचा उपाय, त्याच ब्रँडचं थोडं दूध चहासाठी तापवतोच ना आपण, ते गार झाल्यावर साय बघा. जाड पिवळसर साय आली तर होमोजिनाइज्ड नसावं, नुसता पातळ पापुद्रा आला तर शंका घ्या.

गवळ्याचं दूध घेणाऱ्यांना वाटतं आपलं तर एकदम ताजं, आपल्याला काय प्रॉब्लेम येणार. येतो. एक म्हणजे कच्चं दूध तसंच वापरून मऊ चीज करून खाणं हे धोक्याचं काम आहे, ब्रुसेला, टीबी असल्या गोष्टी त्यातून येऊ शकतात, घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर अजिबात नको. पण उकळायचंही नाही. मधला रस्ता असा की ६३ डिग्रीला बरोबर ३० मिनिटं धरायचं, पातेलं मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवून, अधूनमधून ढवळत, आणि मग लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचं. याने जंतू मरतात आणि रेनेटला लागणारं सगळं शाबूत राहतं. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून कुठेतरी वाटेत त्यात सोडा पडतो, सगळेच करतात असं नाही, पण पडतो. सोड्याने दुधाचा आंबटपणा मरतो आणि रेनेटला तर जरासा आंबटपणा हवाच असतो, मग तासन्‌तास वाट बघत बसा. मार्चपर्यंत व्यवस्थित जमणारं दूध एप्रिल-मेमध्ये अचानक जमेनासं झालं तर हेही मनात ठेवा.

आता पाणी. हे इतकं साधं आहे की सांगताना लाज वाटते, पण रेनेट पातळ करायला लोक थेट नळाचं पाणी घेतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीन रेनेटला काही मिनिटांत निकामी करतो. पावसाळ्यात क्लोरीन वाढवतात तेव्हा तर नळ सोडल्या सोडल्या वासच येतो. आरओचं पाणी चालतं, नाहीतर उकळून पूर्ण गार केलेलं. पूर्ण गार, कोमटसुद्धा नको, कारण गरम पाण्याने रेनेट मरतं. आणि पातळ केलेलं रेनेट लगेच वापरायचं. आधी रेनेट भिजवून ठेवलं, मग दूध तापवायला घेतलं, मग फोन आला, असं करू नका. दूध तापमानाला आलं की तेव्हाच पाण्यात घालायचं.

बरं, रेनेट स्वतःच मेलेलं आहे का हे कसं ओळखायचं? वाट्यांचा खेळ करा. एका वाटीत फ्रिजमधल्या न तापवलेल्या फुल क्रीम पिशवीचं १०० मिली दूध, साधारण ३५ डिग्रीला कोमट करून. एक थेंब लिक्विड रेनेट चमचाभर आरओच्या पाण्यात आणि ते त्या दुधात, दोनदा ढवळायचं आणि हात लावायचा नाही. पावडर असेल तर चिमूटभर अर्ध्या वाटी पाण्यात आणि त्यातला एक चमचा. पंधरा-वीस मिनिटांत वाटी तिरकी केली तर दूध एकसंध हललं पाहिजे. जमलं तर रेनेट जिवंत आहे, तुमचं मोठ्या पातेल्यातलं दूध किंवा पाणी दोषी. मग दुसऱ्या वाटीत तुमचं नेहमीचं दूध घ्या, बाकी सगळं तेच. तिसऱ्यात दूध पहिलं आणि पाणी नळाचं. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा, अर्ध्या तासात उत्तर मिळतं आणि चार लिटर दूध वाया जात नाही. पहिलीच वाटी जमली नाही तर रेनेट टाकून द्या.

रेनेट मरतं कसं तर बहुतेक वेळा कुरिअरमध्ये. लिक्विड रेनेट फ्रिजमध्ये ठेवायची वस्तू, ती मे महिन्यात चार दिवस टेम्पोत फिरून तुमच्या दारात येते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आपल्या हवेत पावडर किंवा गोळ्या घ्याव्यात, लिक्विडच्या नादी लागू नये, मागवायचंच तर डिसेंबर-जानेवारीत मागवा. ऑनलाइन काही लोक मोठं पाकीट फोडून छोट्या झिपच्या पुड्या विकतात, त्यावर ना एक्स्पायरी ना किती लिटरला किती ते लिहिलेलं, माझ्या गळ्यात अशी पुडी पडली होती आणि विकणाऱ्याचं उत्तर होतं "सगळ्यांचं जमतं मॅडम". असली पुडी घेऊ नका. पाकिटावर ताकद आणि प्रमाण छापलेलं असलंच पाहिजे, कारण प्रत्येक कंपनीची ताकद वेगळी असते आणि परदेशी रेसिपीतला "पाव टीस्पून" तुमच्या पावडरला लागू होत नाही. घरी आल्यावर पावडर आणि गोळ्या एअरटाइट डबीत फ्रीझरमध्ये.

शाकाहारी आहे का हा प्रश्न हमखास येतो. इथे घरगुती वापरासाठी विकायला असतं ते जवळजवळ सगळं मायक्रोबियल, बुरशीपासून केलेलं, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. त्याचा एकच तोटा, महिनोन्‌महिने मुरवायच्या चीजला कडवटपणा येऊ शकतो, पण नवशिक्याला तिथवर जायचंच नाहीये. काष्ठौषधीच्या दुकानात पनीरफूल मिळतं, मधुमेहवाले रात्री भिजवून घेतात ते, त्याने दूध खरंच जमतं, नाव उगाच पडलेलं नाही. पण दर वेळी ताकद वेगळी आणि चव कडू, गंमत म्हणून करून बघा, चीजचा भरवसा त्यावर ठेवू नका. पपईचा किंवा अंजिराचा चीक तर त्याहून बेभरवशाचा.

थर्मामीटरशिवाय हे काम होत नाही आणि इथे लोक हटकून पैसे वाचवतात. तापाचा थर्मामीटर ४२-४३ ला संपतो, मोझरेला ताणायच्या गरम पाण्याला त्याचा काही उपयोग नाही. कोविडमध्ये घेतलेली ती कपाळाला लावायची गन वरच्या थराचं तापमान दाखवते, आत काय चाललंय ते तिला कळत नाही. लांब सळईचा डिजिटल किचन थर्मामीटर घ्या, स्वस्त असला तरी चालेल पण आल्यावर तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घालून दोन मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात मुंबईत १०० आणि पुण्यात साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६, तेव्हा पुणेकरांनी ९८ दिसलं म्हणून थर्मामीटर परत पाठवू नका. दोन-तीन डिग्रीचा फरक असेल तर तेवढा मनात धरून वापरा.

मापाचंही तेच. घरातला चमचा म्हणजे टीस्पून नाही. लिक्विड मोजायला मेडिकलमधून १ मिली आणि ५ मिलीची सुईशिवाय सिरिंज आणा, यापेक्षा अचूक आणि स्वस्त काही नाही. पावडरसाठी सोनारासारखा छोटा पॉकेट वजनकाटा मिळतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा. हौस म्हणून नाही, पुढच्या वस्तूसाठी तो लागतोच.

ती वस्तू म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. पाश्चराइज्ड गायीचं दूध मऊ जमत असेल तर याने फरक पडतो, म्हशीच्या दुधाला बहुतेक वेळा गरज नसते. प्रमाण १० लिटरला २ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ४ लिटरला ०.८ ग्रॅम, जास्त झालं तर चीज कडू आणि ठिसूळ, मोझरेला ताणलाच जात नाही. पाव कप पाण्यात विरघळवून थंड दुधात घालायचं, विरघळताना पाणी गरम होतं, घाबरू नका. पाकिटावर "फूड ग्रेड" पाहिजेच. कपाटातला दमटपणा शोषायचे जे डबे मिळतात त्यातही हेच असतं, पण ते खायचं नाही, कोणी कितीही जुगाड सांगू दे. आणि बरणी उघडी राहिली की हे हवेतलं पाणी ओढून ओला गोळा होतं, मग वजनाला काही अर्थ उरत नाही. उकळलेल्या किंवा यूएचटी दुधाला मात्र हे घालून जिवंत करता येत नाही, तो पैसा वाया.

सायट्रिक ऍसिड किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, झटपट मोझरेलाला ४ लिटरला साधारण दीड टीस्पून. यातली नेहमीची गडबड म्हणजे ते कोमट दुधात घालणं, मग तिथल्या तिथे पनीरसारखं फुटतं आणि पुढे रेनेटला करायला काही उरत नाही. दूध फ्रिजचं गार असताना, ऍसिड पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत. आणि कर्ड छान जमलं पण गरम पाण्यात ताणायला गेलं की तुटतं, अशी तक्रार असेल तर बघायच्या गोष्टी दोनच, एक म्हणजे कर्ड आतपर्यंत ५७ डिग्रीच्या वर गेलंय का, त्यासाठी पाणी ७५-८० हवं, हातात रबरी मोजे घाला. दुसरं, ऍसिड कमी पडलं का. दूध आणि कंपनी बदलली की दीड टीस्पूनचा हिशोबही बदलतो.

भांडी फार लागत नाहीत. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, ऍल्युमिनियम नको आणि कल्हई उडालेलं पितळ तर मुळीच नको, आंबट दुधाशी दोन्हींचं जमत नाही. कापड म्हणून चीजक्लॉथ नावाने जे येतं ते बऱ्याचदा बँडेजसारखं विरविरीत असतं, त्यातून अर्धं कर्ड निसटतं. चक्का बांधायचा पंचा किंवा घट्ट विणीची मलमल घ्या, वापरायच्या आधी उकळा, आणि त्याला वासाचा फॅब्रिक कंडिशनर कधीही लावू नका, चीजला गुलाबाचा वास येतो. साच्यासाठी इम्पोर्टेड मोल्डची गरज नाही, पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, तिथे भोकाच्या छोट्या प्लॅस्टिक टोपल्या आणि स्टीलच्या चाळण्या मिळतात, फूड ग्रेड बघून घ्या. दाब द्यायला पाण्याने भरलेल्या बाटल्या, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोबही सोपा. मीठ साधं खडेमीठ किंवा सैंधव बारीक करून. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या चीजवर बुळबुळीत थर येत असेल तर त्या पाण्यात कॅल्शियम नाहीये, थोडं कॅल्शियम क्लोराइड आणि चमचाभर व्हिनेगर घाला, थांबतं.

कल्चरच्या, म्हणजे मुरवायच्या चीजमध्ये घालायच्या जिवाणूंच्या, पाकिटांचा विचार सध्या करू नका. ती फ्रीझरमध्ये ठेवावी लागतात, सगळ्यात लहान पाकीटसुद्धा घरगुती पातेल्याच्या मानाने प्रचंड असतं, आणि मुरवायला १०-१३ डिग्री आणि भरपूर दमटपणा लागतो, आपला फ्रिज ४ डिग्री आणि कोरडा. गौडा-चेडार नंतर.

पहिल्यांदा टोपली पनीर करा. मुंबईच्या पारशी घरांतलं, सुरतेकडेही त्याचा भाऊबंद आहे. दूध, रेनेट, मीठ आणि छोट्या टोपल्या, बस. ना ऍसिड ना ताणणं, त्यामुळे दूध-पाणी-रेनेट या तिघांपैकी कोण दगा देतंय ते लगेच दिसतं. करताना एक युक्ती, रेनेट घालून अर्धा मिनिट ढवळल्यावर दुधावर प्लॅस्टिकचं हलकं झाकण तरंगत ठेवा आणि मधूनमधून बोटाने हळूच फिरवा. सुरुवातीला गरागरा फिरतं, जमायला लागलं की अडतं. १०-१५ मिनिटांत अडलं तर सगळं ठीक, रेनेट घातल्यापासून त्याच्या तिप्पट वेळ झाल्यावर कापायचं. पाच मिनिटांत अडलं तर रेनेट जास्त होतंय, चीज कडू होईल. अर्धा तास झाला तरी फिरतंच आहे तर वरच्या वाट्यांकडे परत जा. या वेळात पातेलं हलवायचं नाही, डोकावून चमचा घालायचा नाही, थंडीत पातेल्याला टॉवेल गुंडाळा कारण ३० च्या खाली गेलं की सगळं मंदावतं.

आणि इतकं करूनही जमलं नाही तर ते दूध ओतू नका, अजून रेनेटही घालू नका. ऍसिड घातलेलं असेल तर नुसतं मंद आचेवर तापवत न्या, ८० च्या आसपास आपोआप फुटेल. ऍसिड नसेल तर ८५ ला नेऊन लिंबूफुलाचं पाणी थोडं थोडं घाला, हिरवट पाणी सुटलं की थांबा आणि पंच्यात बांधा. पनीर जरा मऊ होतं, भुर्जीला छान. उरलेल्या व्हेमध्ये पोळ्यांची कणीक भिजवा, फक्त मिठाचा अंदाज घेऊन.